स्टुडिओ परवडत असूनही हौशी लोक आपली गाणी घरीच का रेकॉर्ड करत बसतात? आणि करायचंच तर १० बाय १०च्या खोलीत कसं?

मध्यलय (प्रश्न)

कवितांना चाली लावणारे, भावगीतं-अभंग करणारे बरेच हौशी लोक घरीच रेकॉर्डिंग करतात. आणि एकदा करून थांबत नाहीत, तेच गाणं सहा महिन्यांनी पुन्हा करायला घेतात. ऐकणारे कोण, तर घरचे आणि व्हॉट्सॅप ग्रुपवरचे काही जण. स्टुडिओत एक शिफ्ट घेतली तर तबला-पेटीसकट गाणं एका दिवसात होतं, शिवाय आवाज स्वच्छ येतो. मग घरी का? 'हौस' हे उत्तर माहीत आहे, त्यापलीकडचं हवंय.

दुसरा भाग व्यवहाराचा. खोली १० बाय १०, खिडकी रस्त्याकडे. आवाज पुरुषाचा, पट्टी काळी एक. साथीला पेटी, तबला आणि ॲपवरचा तानपुरा. सध्या फोनवर रेकॉर्डिंग होतं आणि त्यात तीन तक्रारी आहेत: तानपुरा मध्येच विरतो, पेटी आणि आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, आणि डग्गा नुसता घुमतो. लॅपटॉप आहे. वीस-पंचवीस हजार घालायची तयारी आहे. काय घ्यावं आणि कसं लावावं?

सरगम_वही

आधी 'का'चं. चाल कागदावर पूर्ण उतरत नाही, हे मूळ कारण. भातखंडे लिपीत स्वर येतात, मात्रा येतात, कण आणि मींड यांच्या खुणाही आहेत. पण षड्जावरून कोमल गंधारावर जाताना आवाज कुठे रेंगाळला, मुरकी नेमकी कुठल्या अक्षरावर सुटली, शब्द समेवर पडला की समेच्या किंचित मागे राहिला, हे त्या लिपीत मावत नाही. भावगीताचा जीव तर तिथेच. त्यामुळे चाल लावणाऱ्याला रेकॉर्डिंग म्हणजे कच्ची वही. वहीत खाडाखोड होणारच, आणि तासाच्या हिशेबाने भाड्याने घेतलेल्या जागेत कुणी खाडाखोड करत बसत नाही. मीटर पडत असलं की माणूस तिसऱ्या टेकला, म्हणजे तिसऱ्यांदा गाऊन झालं की, 'चालेल' म्हणून मोकळा होतो.

दुसरं कारण कानाचं. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून, असा दोन्हीकडून ऐकू येतो. हाडांतून येणारा भाग खर्जाकडे झुकलेला असतो, म्हणून गाताना भरदार वाटलेली ओळ बाहेरून ऐकली की पातळ निघते. ओळीच्या शेवटी उतरलेला सूर, 'ण'चा झालेला 'न', चुकीच्या जागी घेतलेला श्वास, यांतलं काहीच गाताना कळत नाही. मराठीत आणखी एक घोळ होतो. 'मन' शब्दातला 'न' दोन मात्रा ताणला की ऐकणाऱ्याला 'मना' ऐकू येतं आणि ओळीचा अर्थच फिरतो. ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर बसवलं आहे हे सापडतं ते बहुतेक वेळा रेकॉर्डिंग परत ऐकताना. मग चाल बदलावी लागते, आणि चाल बदलली की पुन्हा रेकॉर्डिंग. सहा महिन्यांनी तेच गाणं परत का, याचं उत्तर हेच.

तिसरं, एकट्याने सगळं करता येणं. १९७९ साली टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र काढलं, तेव्हापासून घरी एका माणसाला आधी पेटी, मग आवाज, मग दुसरा आवाज असं थर चढवत गाणं उभं करता येतं. आता तेच लॅपटॉपवर होतं, ट्रॅकची मर्यादा जवळपास नाही. लांबीचंही बंधन गेलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि मुखडा नि दोन-तीन अंतरे हा भावगीताचा बांधा त्या मापात बसलेला आहे. पाच कडव्यांची कविता पूर्ण गायची असेल तर घरी कोण अडवतंय?

खर्जातला_सा

वरच्याशी सहमत. आता सामानाकडे वळतो.

तानपुरा विरतो तो फोनमुळे. फोनचं रेकॉर्डिंग बोलण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते, आणि सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा ट्रॅफिक असं धरून तो दाबला जातो. तानपुरा नेमका तसाच, अखंड आणि एकसारखा. तुम्ही गाता तेव्हा तो दबतो, थांबलात की फुगून वर येतो. फोनच वापरायचा असेल तर ही दोन्ही प्रक्रिया बंद ठेवून डब्ल्यूएव्ही फाइल करणारं ॲप शोधा. पण तानपुरा हवेतून पकडायचाच कशाला? ॲपचा आवाज थेट वेगळ्या ट्रॅकवर घ्या, गाताना हेडफोनमध्ये ऐका.

तुमच्या बजेटमध्ये बसणारी यादी: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक डायनॅमिक कार्डिऑइड म्हणजे समोरून जास्त ऐकणारा मायक्रोफोन (शुअर एसएम५८ किंवा त्या जातीचा), कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन, बूम स्टँड, दोन एक्सएलआर केबल. सॉफ्टवेअर म्हणून रीपर. साठ दिवस पूर्ण वापरता येतं, नंतर व्यक्तिगत परवाना ६० डॉलरला. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहेच.

कंडेन्सर मायक्रोफोन घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. तो बारकावे जास्त पकडतो हे खरं, पण रिक्षाचा हॉर्न, शेजारचा कुकर आणि खोलीचा घुमाराही तितक्याच निष्ठेने पकडतो. रस्त्याकडची खिडकी आणि उघड्या भिंती असताना डायनॅमिक बरा. त्याचीही एक अडचण आहे. आउटपुट कमी असतं, त्यामुळे मऊ आवाजाच्या गायकाला इंटरफेसचा गेन (आवाज वाढवण्याची पातळी) ५०–५५ डेसिबलपर्यंत चढवावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेस तिथे सू-सू करू लागतात. घेण्याआधी इंटरफेसचा कमाल गेन बघा. ५५च्या पुढे असेल तर हरकत नाही.

लावायची पद्धत:

रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गेन ठरवताना मुखडा गाऊ नका. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ, म्हणजे बहुधा अंतऱ्यातली तार षड्जाला भिडणारी, ती पूर्ण ताकदीने गा. तेव्हा मीटरचा काटा उणे १० डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. २४ बिटमध्ये पातळी कमी राहिली तर नंतर वाढवता येते, पण फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

तोंडापासून १०–१५ सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलात की खर्ज कृत्रिम फुगतो, आणि ओळीओळीला अंतर बदललं तर आवाजाचा पोतच बदलत राहतो. बसून गात असाल तर सतरंजीवर बैठकीच्या जागी चिकटपट्टीची खूण करा. 'प', 'फ', 'भ' यांचा फटका अडवायला भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा मोजा ताणून बसवा आणि तो मायक्रोफोनच्या चार बोटं पुढे धरा. विकतच्या पॉप फिल्टरइतकंच काम होतं.

आणि शब्दांची वही मांडीवर किंवा मायक्रोफोनच्या खाली सपाट ठेवू नका. आवाज कागदावर आपटून मिलिसेकंदभर उशिरा मायक्रोफोनमध्ये शिरतो, मूळ आवाजात मिसळून काही कंपनं खातो, आणि डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं. हा दोष नंतर कुठल्याच बटणाने जात नाही. वही बाजूला, तिरकी, जाड कापड घातलेल्या स्टँडवर.

भिंत_आणि_घुमारा

खोलीबद्दल. चौरस खोली ही रेकॉर्डिंगसाठी वाईट, कारण लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडची अनुनादाची कंपनं एकाच जागी येतात आणि एकमेकांना बळ देतात. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर पहिलं कंपन सुमारे ५६ हर्ट्झ, दुसरं ११२.

आता तुमच्या पट्टीशी ताडून बघा. काळी एकचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ. त्याच्या खालचा मंद्र कोमल धैवत बरोबर ११०. म्हणजे मालकंस किंवा भैरवाच्या अंगाची चाल असेल आणि ओळ मंद्र धैवतावर टेकत असेल, तर तो एकच स्वर खोलीत गर्जेल आणि शेजारचा निषाद साधा ऐकू येईल. लोक आवाजाला दोष देतात, 'मंद्रात ताबा नाही' म्हणतात. दोष खोलीचा असतो.

या दुसऱ्या कंपनाचा जोर भिंतीलगत आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सगळ्यात जास्त असतो. म्हणून मायक्रोफोन मध्यभागी नको. लगतच्या दोन्ही भिंतींपासून साधारण ३ फुटांवर ठेवा, आणि गायकाने जवळच्या, गोधड्या टांगलेल्या भिंतीला पाठ करून बसावं.

गोधडी कुठे टांगायची हे निम्म्या घरांत चुकतं. स्पंज मायक्रोफोनच्या मागे लावतात. कार्डिऑइड मायक्रोफोन मागून कमी ऐकतो, पुढून जास्त. त्याच्या पुढे तुम्ही, आणि तुमच्या मागे भिंत. तेव्हा जाड गोधड्या किंवा कापसाची गादी गायकाच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर पुढे सोडून. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दार उघडून त्याला पाठ करून बसा, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

गोधडीने वरचा चकचकीत घुमारा जातो, खर्ज जात नाही. ११० हर्ट्झची पाव लहर ७८ सेंटिमीटर भरते, तिला दोन इंचांचा कापूस काय करणार! अंड्यांचे ट्रे तर विसराच, त्यांनी फक्त धूळ धरते. खर्जाचं काम जागा बदलून करायचं आणि उरलेलं इक्वलायझरने.

पंखा बंद, फ्रिज भिंतीपलीकडे असेल तर तोही तेवढा वेळ बंद (चालू करायला विसरू नका, दूध नासतं). रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला तर अर्थिंगचा प्रश्न: तीन पिनांचा चार्जर आणि खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट वापरा, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या. पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना पक्कं रेकॉर्डिंग करूच नका. पावसाचा आवाज सगळ्या कंपनांत पसरलेला असतो, तो काढताना गळ्याचाही साज जातो. तेव्हा कच्च्या चाली करा.

भाता

पेटी आणि आवाज मिसळत नाहीत याची दोन कारणं, आणि ती वेगवेगळी ओळखायला हवीत.

एक, पेटी आणि तानपुरा ॲप यांची पट्टीच जुळलेली नाही. ॲप डीफॉल्ट ४४० हर्ट्झच्या मापाने चालतं. जुन्या पेट्या त्याच मापात असतीलच असं नाही, पाच-दहा सेंट वरखाली असणं नेहमीचं (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग). ट्यूनर ॲपवर पेटीचा मध्य षड्ज मोजा, भाता एकसारखा ठेवून, आणि तानपुरा ॲपच्या सूक्ष्म ट्यूनिंगमध्ये तेवढे सेंट घाला. उलटं करता येत नाही, पेटीचे सूर घासून घ्यावे लागतील. क्रम कायम हाच: पेटीवरून तानपुरा, तानपुऱ्यावरून तबला.

दोन, पट्टी जुळली तरी गंधार जुळणार नाही. पेटी समान अंतराच्या सप्तकात लावलेली असते, तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधार ३८६ सेंटवर. १४ सेंटचा फरक कानाला स्पष्ट कळतो. गायक तानपुऱ्याकडे झुकतो आणि पेटीशी भांडण लागतं. पंचमात हा फरक फक्त २ सेंट, म्हणून तिथे तक्रार येत नाही. उपाय वादनाचा आहे: ओळ गंधारावर थांबत असेल तिथे पेटीने गंधार धरून ठेवू नये. षड्ज-पंचम धरावा किंवा गप्प बसावं, आणि ओळ संपल्यावर जागा भरावी. चांगले साथीदार मैफलीत हेच करतात.

याच कारणासाठी आवाजावर ऑटोट्यून सरसकट लावू नका. ते पेटीच्या पायऱ्यांवर आवाज ओढतं, मींड जिन्यासारखी होते. एखादा स्वर फारच घसरला असेल तर तेवढाच हाताने उचला.

पेटी घेताना कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी सोय) काढा, त्याने पट्ट्यांची खटखट दुप्पट होते. न लागणारे सगळे स्टॉप बंद. पेटीखाली घडी घातलेली चादर. मायक्रोफोन ३०–४० सेंटिमीटर वर, उजवीकडच्या चढ्या पट्ट्यांच्या बाजूने, भात्याकडे पाठ करून. भाता लहान-लहान आणि एकसारखा मारा. लांब ओढून सोडला की आवाजात झोल येतो आणि हवेची फुसफुस ऐकू येते. आणि गाणं नि पेटी एकाच वेळी एकाच खोलीत घेऊ नका. पेटी गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरली की पुढे एकही ओळ सुटी बदलता येत नाही.

धा_धिं_ना

शेवटचा मुद्दा सोडून बाकी मान्य. आधी पेटी आणि मग आवाज असं तुकड्यांनी केलं की भावगीत मरगळतं. त्यापेक्षा पहिल्या फेरीत पेटी आणि गळा एकत्रच घ्यावा, ॲपच्या ठेक्यावर, आणि तो ट्रॅक फक्त मार्गदर्शक ठेवावा. मग त्यावर तबला, मग पक्की पेटी, शेवटी पक्का गळा. मार्गदर्शक ट्रॅक गाळून टाकायचा. नुसत्या टिकटिकीवर कधीच नको. केरवा असो की भजनी ठेका, टिकटिकीत खाली-भरी (ठेक्यातले बिनजोर आणि जोरकस भाग) कळत नाही आणि गायक समेवर आपटतो. आधी दोन रिकामी आवर्तनं ठेवा, मागाहून तबल्याचा उठाव बसवायला ती लागतात.

डग्गा घुमतो त्याचं खोलीचं कारण वर आलंच. दुसरं कारण फोन जमिनीवर ठेवलेला असतो. फरशीलगत खर्ज वाढतो आणि डग्ग्याचा धक्काही फरशीतून थेट पोचतो. तबला जाड सतरंजीवर, चुंबळी नीट बसलेल्या, कोपऱ्यापासून दूर.

एकच मायक्रोफोन असेल तर दोन्ही पुड्यांच्या मधोमध ३५–४० सेंटिमीटर वर, किंचित दायाकडे (उजव्या तबल्याकडे) झुकवून, कारण डग्गा आपोआप पोचतो. दोन असतील तर एक दायाच्या शाईकडे रोखून १५–२० सेंटिमीटरवर, दुसरा डग्ग्याच्या पलीकडच्या काठावरून. दोन्ही एकत्र वाजवून एकाची पोलॅरिटी उलटून बघा, ज्या स्थितीत डग्गा भरीव लागतो ती ठेवा. गेन 'ना'वर ठरवा. चाटेवरची (पुडीच्या कडेवरची) टिपरी फार अणकुचीदार असते, मीटर दाखवतो त्याहून वर जाते; उणे १२ डेसिबलवर ठेवलेलं बरं. नंतर ११० हर्ट्झच्या आसपास अरुंद पट्ट्यात ३–४ डेसिबल कापा, ५० हर्ट्झखालचं सगळं काढून टाका.

दमट हवेत पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. टेकच्या मधे दायाँ पुन्हा षड्जाशी लावून घ्या, नाहीतर पहिल्या आणि तिसऱ्या अंतऱ्याचा तबला जोडताच येणार नाही. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) चारही बाजूंनी सारखं ठोका, एकाच घरात ठोकून सूर चढवला तर आस तुटते.

आणि स्पष्टच सांगतो: १० बाय १०मध्ये गळा आणि पेटी उत्तम होतात, तबला 'बरा' होतो. गाणं लोकांपुढे ठेवायचं असेल तर फक्त तबल्यापुरते दोन तास स्टुडिओ घ्या. मार्गदर्शक ट्रॅक पेनड्राइव्हवर न्या, तबल्याच्या सुट्या फाइल्स ४८ किलोहर्ट्झमध्ये घेऊन या. घर विरुद्ध स्टुडिओ असा वाद घालायची गरजच उरत नाही.

मध्यलय

भरपूर मिळालं, आभार. तीन शंका. १) ब्लूटूथ हेडफोन आहे, तो चालेल का? २) तबला मार्गदर्शक ट्रॅकच्या मागे पडतो, वादक लयीत असूनही. ३) चाली कवींच्या प्रसिद्ध कवितांना लावलेल्या आहेत. यूट्यूबवर टाकायच्या तर परवानगी लागते का?

खर्जातला_सा

१ आणि २चं उत्तर एकच आहे. ब्लूटूथमध्ये आवाज कानाला १५०–२०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, कधी जास्तच. मिनिटाला ९६ मात्रांची लय असेल तर एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास पाव ते तृतीयांश मात्रा मागे. वादक कानाशी प्रामाणिक आहे, म्हणून फाइलमध्ये मागे पडतो. तारेचाच हेडफोन वापरा.

तार असूनही थोडा उशीर राहतो. बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांनी साठवून पुढे देतो ते माप) १२८ सँपलवर ठेवा: ४८ किलोहर्ट्झला एका बाजूने २.७ मिलिसेकंद, इंटरफेसचा स्वतःचा वेळ धरून जाऊन-येऊन दहाच्या आसपास. १५च्या वर गेलं की तबलजीला बोचतं. त्यापेक्षा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. विंडोजवर इंटरफेस कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाका.

तपासणी: हेडफोनची एक वाटी मायक्रोफोनला चिकटवा, ट्रॅकवरचा टिकटिकीचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करा, झूम करून दोन ठोक्यांतलं अंतर मोजा. तेवढे मिलिसेकंद रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ऑफसेट म्हणून भरा. एकदाच करायचं काम आहे.

कलम_५७

३बद्दल. कॉपीराइट कायदा १९५७प्रमाणे कविता आणि चाल या दोन स्वतंत्र कृती. दोन्हींचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यांच्या कविता २००१ संपल्यावर मोकळ्या झाल्या. बा. सी. मर्ढेकर १९५६, म्हणजे १ जानेवारी २०१७पासून मोकळे. केशवसुत, बालकवी कधीचेच मोकळे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तिथे २०५९ अखेरपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. हयात कवी असेल तर सरळ पत्र लिहा: कुठली कविता, कुठे प्रसारित करणार, पैसे मिळणार की नाही. कडवी गाळणार असाल तर तेही लिहा, कवींचा राग बहुतेक वेळा त्यावरूनच होतो.

अभंगांत गल्लत जास्त होते. तुकोबांचे शब्द सर्वांचे, पण गेल्या शतकातल्या संगीतकाराने लावलेली लोकप्रिय चाल त्याची आणि त्याच्या वारसांची. पारंपरिक वारकरी चाल किंवा स्वतःची नवी चाल असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्याचं रेकॉर्ड झालेलं गाणं नव्याने गाण्यासाठी कलम ३१सी आहे. पण पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात, आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. हौशी माणसासाठी ते कलम कागदावरच.

स्वतःच्या चालीचा हक्क ती निर्माण झाली की मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी तारीख असलेल्या मूळ फाइल्स जपून ठेवा, वाद झालाच तर त्याच कामाला येतात. वितरकामार्फत गाणं सोडताना कंटेंट आयडीचा (आपला आवाज कुणी वापरला ते यूट्यूबवर आपोआप शोधून दावा करणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय येतो. गाण्यात ॲपचा तानपुरा किंवा तयार लूप असेल तर तो नाकारा. तोच लूप हजार लोक वापरतात, तुमच्या नावाने त्यांच्यावर दावे जातील आणि त्यांचे तुमच्यावर.

सरगम_वही

शेवटच्या टप्प्याचं थोडं. गळ्यावर ८० हर्ट्झखालचं कापा, स्त्रीचा आवाज असेल तर १२०पर्यंत चालतं. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) ३ला १, चढ्या ओळींवर ४–५ डेसिबल दाबेल इतकाच. 'स', 'श' आणि दंत्य 'च' टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर. श्वास कापू नका, ६ डेसिबल खाली आणा. श्वास नसलेलं गाणं ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. अंतिम फाइल उणे १४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू पीक म्हणजे सगळ्यात उंच टोक उणे १. यूट्यूब जास्त मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज वर नेत नाही, म्हणून फार कमीही ठेवू नका.

व्हॉट्सॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

जागा: ४८/२४ मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी. पाच मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं साधारण ३५० एमबी. टेक खोडू नका, फाइलच्या नावात पट्टी, लय, तारीख घाला आणि एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवा. जुनी चाल परत हवी होते, विशेषतः अंतऱ्याची.

मध्यलय

मायक्रोफोनच्या डब्यात सिलिका जेल टाकावं लागतं का?

भाता

डायनॅमिकला गरज नाही. पेटीच्या खोक्यात टाका, ओलीने पट्ट्या फुगून अडकतात. बुटांच्या डब्यातल्या जुन्या पुड्या बहुधा ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग उतरला की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतात.